विस्तवाचा घास

"बिघाड ह्याच्यात आसा. माझ्यात नाय."

दुकानात शिरली की तिचं हे पहिलं वाक्य. मग पदराच्या टोकाने ती माझा काउंटर हातभर पुसायची, इतकी घाण जन्मात पाहिली नाही अशा नजरेने माझ्याकडे बघायची आणि त्या पुसलेल्या जागेवर आपला विजेचा कुकर आपटायची. वस्तू हलकेच ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलतात. मला ते जमत नाही. मला ती बाई आवडत नसे आणि तिलाही मी आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते. तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एक असेलच. ती लिफ्टमध्ये शिरली की बाकीचे सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात.

लालबागला, करी रोडच्या बाजूला माझं छोटं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, पंखे, कुकर, जे बंद पडेल ते मी दुरुस्त करते. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर विकायचं सगळ्यांच्या मनात होतं, माझ्या नव्हतं. स्क्रूड्रायव्हर घेऊन बाई बसलेली दिसली की नवीन गिऱ्हाईक मलाच विचारतं, "दुकानात कोणी आहे का?" याची मला सवय झाली आहे. ती मात्र नवीन नव्हती. माझ्या वडिलांना ती ओळखायची आणि त्याचा दाखला मला दर भेटीत द्यायची.

"तुझो बापूस बरो माणूस होतो. तू खंयसून अशी निपजलंस?"

"काकी, कुकरचं बोला."

"बोलतंय. ह्यात भात शिजणा नाय, नुसतो भिजता."

सगळी वस्ती तिला काकी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा तिला वरच्या मजल्यावर घर मिळालं. त्याला फ्लॅट म्हटलेलं तिला खपायचं नाही. "माझी खोली" असंच म्हणायची, आणि चाळीतल्यासारखं दार दिवसभर सताड उघडं ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या दारातून शेलका शब्द मिळायचा. कुरिअरवाला तिच्या मजल्यावर पळत यायचा आणि पळतच जायचा.

कुकर तिच्या घरात आला त्यालाही एक भांडणच कारण झालं होतं. गॅसवर दूध ठेवून ती खाली कोळणीशी भांडायला गेली. बांगडा शिळा आहे की नाही यावर दोघींचं चांगलंच जुंपलं. वर दूध उतू गेलं, विस्तव विझला आणि गॅसचा वास मजलाभर पसरला. सेक्रेटरीने ठाण्याला तिच्या मुलाला फोन लावला. मुलगा आला, त्याने शेगडी उचलली, पाइपला बूच मारून घेतलं आणि ऑनलाइन हा कुकर मागवला. वेळ झाली की आपोआप बंद होतो, विसरलं तरी चिंता नाही. मुलाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. ऑनलाइन घेतलेल्या वस्तू लोक दुरुस्तीला मात्र माझ्या माथी मारतात, एवढाच माझा राग.

पहिल्यांदा ती आली तेव्हा तिची तक्रार वेगळीच होती.

"शिटी मारणा नाय ह्यो."

"याला शिटी नसते काकी. आत शिजतं आणि पीं असा आवाज करतो."

"मगे शिजला ता कळतला कसा? मुको कुकर. असल्या मुक्या माणसाचो काय भरवसो?"

मी तिला बटणं समजावून दिली. भाताचं हे, डाळीचं हे, कडधान्याचं हे. तिने एकदाही माझ्या बोटाकडे पाहिलं नाही. ती माझ्या नखांतलं काळं ग्रीस बघत होती. "भाताच्या बटनाक हात लावच्या आधी हात धुव," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती सारखी येऊ लागली. भात अर्धा राहतो, मधेच बंद पडतो, पडद्यावर काहीतरी इंग्रजी अक्षर येतं. मी कुकर उघडायची. आत काही म्हणजे काही नसायचं. लखलखीत. आमच्याकडे येणाऱ्या कुकरांवर डाळीचे ओघळ वाळलेले असतात, खालच्या बाजूला झुरळं संसार करून असतात. हिचा कुकर मात्र दुकानातून आताच आणल्यासारखा. मी तिच्यासमोर वाटीभर तांदूळ लावून दाखवायची. भात व्हायचा, चांगला मोकळा. ती चिमटीत दोन शितं घेऊन दाबायची, जिभेवर ठेवायची आणि तोंड वाकडं करायची.

"ह्येका भात म्हणतत तुमच्याकडे?"

"शिजलाय की नाही ते सांगा."

"शिजलो. मगे तुझ्याकडे शिजता आणि माझ्याकडे शिजणा नाय, ह्येचो अर्थ काय?"

"अर्थ तुम्हीच काढा," मी म्हटलं. "मशीन एकदम ओके आहे."

एरवी तिने माझा बाप काढला असता. त्या दिवशी गप्प राहिली, कुकर पिशवीत भरला आणि दाराशी जाऊन परत तेच म्हणाली, "बिघाड ह्याच्यात आसा." या वेळी माझ्याकडे न बघता. तिला गप्प केलं याचा मला चांगलाच आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

मग तिच्या मुलाचा फोन आला. आवाज सभ्य, थकलेला.

"ताई, आई तुमच्याकडे कुकर घेऊन येते ना? मला प्लीज खरं सांगा. मशीन फॉल्टी आहे की आई?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही म्हणजे, समजून घ्या. गॅसचा तो प्रकार झाला, आता हा कुकर. दोन बटणांचं काम आहे. शेजारचे सांगतात, ती अर्धा कच्चा भात खाते. रविवारी मी येतोय. तुमच्याकडे घेऊन येतो तिला. मशीन ओके असेल तर मला डिसिजन घ्यावा लागेल. तिला ठाण्याला आणतो, खोली भाड्याने देऊन टाकतो. एकटं ठेवणं रिस्की आहे हो."

"त्यांना माहीत आहे हे?"

"सांगितलंय ना. म्हणते, बिघाड कुकरमध्ये आहे."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ हातातला मिक्सरचा जार नुसताच फिरवत बसले. इतके दिवस मी म्हणत होते, कुकर चांगला आहे. म्हणजे तिच्या कानावर काय पडत होतं, तर म्हातारे, तुझं डोकं फिरलंय, सामान बांध. मला राग आला. मुलाचा आला, तिचाही आला. नीट सांगता येत नव्हतं का? पण ती मला कशाला सांगेल? मी तिची कोण?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला टेस्टर घेऊन मी तिच्या घरी गेले. दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, तर गडबड प्लगमध्ये असणार, असा माझा हिशेब. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. ओट्यावर जिथे शेगडी असायची ती चौकोनी जागा मोकळी होती. त्या जागेवर तिने साधी वाटीसुद्धा ठेवली नव्हती. कुकर बाजूला, भिंतीला लागून.

मी हाक मारणार तेवढ्यात तिने झाकण उघडलं. वाफ निवेपर्यंत थांबली. चिमटीत चार शितं घेतली. मग फडक्याने धरून आतलं भांडं बाहेर काढलं, शेजारी ठेवलं आणि ती शितं कुकरच्या तळाच्या तापलेल्या प्लेटवर टाकली. चर्र झालं. तिने हात जोडले, भांडं पुन्हा त्या शितांवर बसवलं आणि ताटाकडे वळली.

"काकी! काय करताय काय हे?"

ती दचकली. तिला दचकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ओरडू नको. शेजारी ऐकतले."

"ऐकू देत! अहो, भांड्याखाली भात टाकताय? ते भांडं प्लेटला सगळीकडून चिकटून बसावं लागतं. मध्ये शितं जळून बसतात, मशीनला वाटतं काहीतरी जास्त तापलं, की ते बंद पडतं. मी वेड्यासारखी त्याचे स्क्रू उघडत बसते आणि तुम्ही..."

"पयलो घास इस्तवाक," ती म्हणाली. "मगे माणसांक."

तिची सासू चुलीत टाकायची, सासूची सासू टाकायची. मुंबईला आल्यावर ती स्टोव्हमध्ये टाकू लागली, गॅस आला तेव्हा बर्नरवर. विस्तवाला दिल्याशिवाय लग्न झाल्यापासून कधी ताटावर बसली नव्हती. शेगडी नेली त्या दिवशी तिने मुलाला विचारलं होतं, "इस्तव खंय आसा ह्यात?" मुलगा घाईत होता. तो म्हणाला, "आई, ही खालची प्लेट तापते ना, तीच तुझी चूल समज." तिने समजली. इतकी सरळ गोष्ट होती.

"मग माझ्याकडे आणताना सगळं साफ कसं असतं?"

"घासून आणतंय. खरकटा भांडा लोकाच्या दारात न्हेतत? तुका कोणी शिकवूक नाय?"

घरात असताना ती त्या प्लेटला हात लावत नसे, कारण विस्तवाला दिलेलं परत काढायचं नसतं. दुकानात आणायच्या आधी मात्र काथ्याने घासूनपुसून लख्ख करायची. त्यामुळे माझ्याकडे कुकर नेहमी शहाण्यासारखा वागायचा, तिच्याकडे गेल्यावर एक दिवस बरा चालायचा आणि मग आडवा यायचा. मला हसू येत होतं आणि तिच्या डोक्यात टेस्टर घालावासाही वाटत होता.

"चला, सांगून टाकू तुमच्या मुलाला. मिटला प्रश्न."

तेव्हा तिने माझं मनगट धरलं. भाताने ओली झालेली तिची बोटं चांगली घट्ट होती.

"त्येका सांगू नको गो. म्हणतलो, म्हातारी मशिनीक भात भरवता. खुळावली. मगे ठाण्याक न्हेतलोच."

तिचं बरोबर होतं. मी मनातल्या मनात ते वाक्य मुलाला सांगून पाहिलं. आई कुकरच्या प्लेटला जेवण देते. कसंही फिरवून सांगितलं तरी ते वेडाचंच वाटत होतं.

"ठीक आहे. नाही सांगत. पण हे आजपासून बंद."

"बंद? मगे मी जेवू कशी?"

"देवापुढे दिवा लावता ना? त्याला द्या."

"दिवो देवाचो. त्येच्यार अन्न शिजता काय?"

"काकी, रविवारी तुमचा मुलगा येणार आहे. कळतंय का तुम्हाला? चार शितांसाठी ही खोली घालवणार आहात का?"

ती ओट्याच्या त्या मोकळ्या चौकोनाकडे बघत राहिली. ताटात भात वाढलेला, त्यावर वरण, बाजूला सुकटीची चटणी. निवत चाललं होतं. तिची ती गप्प बसण्याची तऱ्हा मला सहन होईना. भांडली असती तर बरं झालं असतं.

"एवढंच आहे तर या माझ्या दुकानात!" मी जवळजवळ किंचाळले. "चहाची शेगडी आहे तिथे. टाका त्यात तुमची शितं, आणि घाला माझं दुकान खड्ड्यात!"

तिने मान वर केली.

"चाय दुधाचो करतंस, काय पावडरीचो?"

"दुधाचा."

"बघूया," ती म्हणाली आणि मला दाराकडे बोट दाखवलं. बसा नाही, पाणी नाही. तिने माझ्यासमोरच प्लेटवरची जळकी शितं पुसून काढली, मात्र चेहरा असा केला की तिच्याकडून हे पाप मी करून घेतेय.

रविवारी दोघं आली. मुलगा साधा माणूस, इन केलेला शर्ट, कपाळावर घाम. आईच्या हातातली पिशवी घ्यायला तो सारखा हात पुढे करत होता आणि ती सारखी पिशवी दुसऱ्या बाजूला नेत होती. तिने काउंटर पुसला, कुकर आपटला. आपलं ते वाक्य मात्र म्हणाली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती. बाहेर रस्त्यावर बघत होती आणि तिचा जबडा हलत होता.

"बोला ताई," मुलगा म्हणाला. "काय आहे नक्की?"

वडिलांनी दुकान माझ्या हाती देताना एकच गोष्ट बजावली होती, चांगल्या वस्तूला खराब म्हणायचं नाही. एकदा म्हटलंस की मग तुझ्या शब्दाला अर्थ उरत नाही. मी आजवर म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक तोडलं, पण म्हटलं नव्हतं.

"सेन्सर खराब होता," मी म्हटलं. "आतून गेलेला, वरून दिसत नाही. मी बदललाय. तुमच्या आईंनी सगळं बरोबरच केलं होतं."

मुलाचा चेहरा पडला की सुटला ते मला नीट कळलं नाही. त्याने कुकरच्या झाकणावर हात ठेवला. "म्हणजे आई ठीक आहे," तो म्हणाला, आणि मग उगाचच हसला.

आता ती माझ्याकडे वळली. वाटलं, निदान नजरेने तरी काही म्हणेल.

"मी काय सांगत होतंय? बिघाड ह्याच्यात आसा! इतके दिवस ह्या बाईक सापडलो नाय. बापूस असतो तर एका दिवसात काढतो."

कुकर उचलून ती चालती झाली. एवढ्यावर थांबली असती तर ती ती नव्हे. पुढच्या आठवड्यात सगळ्या टॉवरमध्ये झालं की, मला साधा सेन्सर ओळखता येत नाही. दोन बायका आपले मिक्सर परत घेऊन गेल्या. पेपरवाला मला विचारून गेला, "काय ताई, म्हातारीने शिकवलं म्हणे तुम्हाला!" मी त्या बाईसाठी आयुष्यात पहिल्यांदा धंद्यात खोटं बोलले होते आणि तीच माझं नाव मातीत घालत फिरत होती. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

मी दुपारी तिची वाट बघत बसले. भांडायला.

ती आली. मधले दिवस कोणाच्या विस्तवावर काढले होते कोण जाणे, पण आता उजवी मूठ बंद. काही न बोलता सरळ आत, शेगडीपाशी. मी चहाचं पातेलं उतरवलं. तिने ज्योतीवर मूठ उघडली. चार शितं पडली, काळी झाली. तिने हात जोडले, मग शेगडीकडे निरखून पाहिलं.

"किती घाण ही. इस्तवाक असा ठेवतत?"

मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोलले. सेन्सर, मिक्सरवाल्या बायका, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "उद्या शेगडी घासून ठेव," म्हणाली आणि जेवायला निघून गेली.

तेव्हापासून रोज. माझा चहा करायचा वेळ तिने ठरवून टाकला. मी कामात असले तर काउंटरवर बोटं आपटायची. गिऱ्हाईक असलं तर त्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या हाताखालच्या वस्तूची चौकशी करायची, "ह्या तरी होतला काय?" मी लग्न केलं नाही म्हणून चिडकी झाले, चिडकी आहे म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून दिवसभर चहा पिते, असं तिचं माझ्याबद्दलचं सगळं गणित होतं. मी तिच्याशी एकही दिवस गोड बोलले नाही. शेगडी मात्र घासून ठेवू लागले. तिच्या भीतीने नव्हे, तिला बोलायला एक विषय कमी मिळावा म्हणून.

एकदा ऐन वेळी माझं सिलिंडर संपलं. म्हटलं, "आज राहू द्या काकी, उद्या डबल टाका."

"तू उद्या डबल जेवतंस काय?"

ती खुर्ची ओढून बसली. मूठ तशीच. घामाने शितांचा लगदा झाला असणार. सिलिंडरवाला फोन उचलेना. तिचं जेवण वर निवत होतं आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती, मला दोष न देता. तेच जास्त टोचत होतं. शेवटी मी दुकानाला अर्धं शटर ओढलं आणि तिला नाक्यावरच्या चहावाल्याकडे घेऊन गेले. तो भय्या माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, एक मिनट बर्तन हटाओ," मी म्हटलं. तिने त्याच्या स्टोव्हमध्ये शितं टाकली, हात जोडले आणि त्याला मराठीत सांगितलं की त्याचा स्टोव्ह माझ्या शेगडीपेक्षा स्वच्छ आहे.

कुकरची आता तक्रार नव्हती. ती कबूल करायची नाही, पण तिचा हात त्यावर चांगला बसला होता. उकडा तांदूळ भाताच्या बटणावर होत नाही, त्याला दुसरं बटण आणि जास्त पाणी, हे तिने स्वतःच शोधून काढलं. मी सांगितलेलं पाण्याचं माप तिने कधीच पाळलं नाही आणि तिचंच बरोबर निघायचं. एक दिवस मुठीबरोबर डबाही आला. आत मुगाची उसळ, दाणा न् दाणा शाबूत.

"बरी झाली म्हणान नाय आणलंय. उरली म्हणान."

"मग नको. उरलेलं मी खात नाही."

"खा मेले. हाडां दिसतत."

मी खाल्ली. चांगली झाली होती. तिला तसं सांगितलं नाही. डबा घासून परत केला तर तिने तो उन्हात धरून आतून तपासला.

पुढच्या थंडीत ती गेली. आजारी वगैरे काही नाही. सकाळी तिचं दार बंद दिसलं, एवढ्यावरूनच शेजारणीला शंका आली. ते दार बंद कधीच नसायचं. झोपेतच गेली, आपल्या खोलीत. मुलाला यायला वेळ लागला. मी शटर ओढलं आणि तिच्या बिल्डिंगखाली जाऊन उभी राहिले. का आलात असं कोणी विचारलं असतं तर भांडले असते.

तिला खाली आणून ठेवलं होतं. हार, हळदकुंकू, सगळं झालं होतं. गाडी फाटकाशी आली होती. पुरुषमंडळी बाजूला उभी राहून ठरवत होती आणि त्यातला एक नातेवाईक मुलाला सांगत होता, "इलेक्ट्रिकमध्ये सांगितलंय. लाकडाचं म्हणजे वेळ जातो, धूर होतो. हे कसं, आत सरकवलं की काम झालं." मुलगा मान हलवत होता. त्याला त्या वेळी काहीही सांगितलं असतं तरी त्याने मान हलवली असती.

मी विजेच्या वस्तूंवर पोट भरते. वीज वाईट असं मी कधी म्हणत नाही. पण तिथे माझं डोकं फिरलं.

"इलेक्ट्रिक नको," मी मोठ्याने म्हटलं. "लाकडं सांगा."

सगळे वळले. नातेवाईक म्हणाला, "तुम्ही कोण?"

"कुकरवाली," मुलानेच सांगितलं. मग मला म्हणाला, "ताई, प्लीज. आता नको."

"आताच. त्या रविवारी मी तुमच्याशी खोटं बोलले. सेन्सर वगैरे काही गेला नव्हता. मशीन चांगलं होतं." त्याच्या कपाळावर आठी आली. ती पूर्ण व्हायच्या आत मी सांगून टाकलं, चुलीपासून सगळं. पहिला घास, बर्नर, त्याने दाखवलेली प्लेट. माझी शेगडी. "तुम्ही म्हणालात, हीच चूल समज. त्यांनी समजली. डोकं त्यांचं शेवटपर्यंत तुमच्या-माझ्यापेक्षा शाबूत होतं. रोज विस्तवाला जेवू घालून मग जेवली ही बाई. तिला तरी विस्तव द्या."

मुलगा आईकडे बघत होता.

"रोज यायची तुमच्याकडे?"

"रोज."

"मला कधी बोलली नाही." मग, "काय बोलायची तुमच्याशी?"

"शिव्या घालायची."

तो हसला आणि तसाच हसता हसता रडायला लागला, तोंडावर हात घेऊन. मग शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि त्या नातेवाइकाला म्हणाला, "काका, फोन लावा. लाकडं म्हणून सांगा."

गाडी गेली. बायका पांगल्या. मी दुकानात परत आले, शटर वर केलं. एक इस्त्री अर्धी उघडून ठेवली होती, ती पुढे घेतली. दुपार झाली. नेहमीच्या वेळेला माझा हात आपसूक लायटरकडे गेला. शेगडी आदल्या संध्याकाळी घासून ठेवलेली, स्वच्छ होती.

आपल्यात माणूस गेलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. माझं तिचं नातं काही नव्हतं. एक चांगला शब्द आम्ही एकमेकींना दिला नव्हता. मी लायटर जागेवर ठेवला, नाक्यावरच्या भय्याला फोन केला आणि एक चहा पाठवायला सांगितला.